आग लागली तर आमच्या घरात शिरणार कसं? (बंबावरची हत्यारं आणि आपल्या ग्रिल्स)

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या बडोद्याच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत ग्रिलवरून दोन तट पडलेत. तळमजल्यावर एक चोरी झाली आणि तेव्हापासून निम्म्या लोकांनी बाल्कन्या वरपासून खालपर्यंत गजांनी बंद करून घेतल्या. आता समितीचं म्हणणं, उरलेल्यांनीही एकाच नमुन्याच्या ग्रिल्स बसवाव्यात. शिवाय जिन्याच्या प्रत्येक वळणावर कोलॅप्सिबल गेट, आणि गच्चीच्या दाराला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी वर्षातले बरेच महिने मुलाकडे कॅनडात.

१४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनानिमित्त एका ठिकाणी हत्यारं मांडलेली बघितली. (१९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस पाळतात.) पाण्याचे पाइप बघायला गर्दी होती, मी मात्र दुसऱ्याच टेबलापाशी रेंगाळलो. एका टोकाला फाटा आणि दुसऱ्या टोकाला चोच असलेली जड सळई, पंपाला जोडलेला लोखंडी जबडा, आकडा लावलेली लांब काठी, मोठ्या चकतीची पेट्रोलवर चालणारी करवत. तिथल्या जवानांना विचारायचं होतं, पण शाळेची सहल आली आणि माझा नंबर गेला.

तर प्रश्न असा की आमच्याकडे लाकडी दार, त्याबाहेर सेफ्टी डोअर, जिन्यात गेट आणि मागे ग्रिल. आत माणूस अडकला तर यातलं काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने चालवतात? जाणकारांनी लिहावं. 'देवाचं नाव घ्या' छाप प्रतिसाद कृपया नकोत.

शंकेखोर

देवाचं नाव घ्या.

(राहवलं नाही. आता वाचतो.)

न्यूजर्सीचा बडोदेकर

मूळचा रावपुऱ्याचा, आता इकडे गावातल्या स्वयंसेवी अग्निशमन दलात आहे. तुम्ही बघितलेली फाटा-चोचवाली सळई म्हणजे हॅलिगन. ह्यू हॅलिगन हे न्यूयॉर्कच्या अग्निशमन खात्यातले वरिष्ठ अधिकारी, त्यांनी १९४८ मध्ये ती बनवली. गंमत म्हणजे शोध आपल्याच अधिकाऱ्याचा, मग त्याच्याकडूनच खरेदी कशी करायची म्हणून न्यूयॉर्कच्या खात्याने सुरुवातीला ती घेतलीच नाही. बॉस्टनने घेतली. न्यूयॉर्कचे जवान पदरचे पैसे घालून आणत.

लांबी साधारण अडीच फूट, वजन चार-पाच किलो. एका टोकाला खिळे उपटायच्या हातोडीला असतो तसा फाटा. दुसऱ्या टोकाला रुंद चपटी धार आणि तिच्याशी काटकोनात टोकदार चोच. चपट्या धारेने दार आणि चौकट यांच्यात फट पाडायची, फट पडली की फाटा आत घालून मागून कुऱ्हाडीच्या सपाट बाजूने ठोकायचा, आणि तो पार चौकटीच्या आतपर्यंत गेला की सळईवर सगळं वजन टाकायचं. चोच कुलपाच्या कडीत घालून पिळायला किंवा काच फोडायला. त्यामुळे हॅलिगन आणि सपाट पाठीची कुऱ्हाड ही जोडी इथे कायम एकत्र नेतात. दोघं जण लागतात, एक धरणारा आणि एक ठोकणारा, आणि धरणाऱ्याने सांगितल्याशिवाय ठोकणाऱ्याने हात उचलायचा नाही.

घणघाव

वर लिहिलंय ते बरोबर, पण ते अमेरिकेच्या दाराला. मी बडोद्याजवळच्या एका मोठ्या कारखान्याच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो. आजूबाजूच्या वस्त्यांत मदतीला बोलावलं की जावं लागे, त्यामुळे घरांची दारंही पुष्कळ उघडली आहेत. थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हत्यार उचलायच्या आधी कडी फिरवून बघायची. हसू नका. आरडाओरडा चालू असतो, लोक 'तोडा, तोडा' म्हणत असतात, आणि दार नुसतं लोटलेलं असतं. शेजाऱ्यांकडे किल्ली आहे का, हे विचारायला दोन सेकंद लागतात.

दुसरी गोष्ट, हाताची पालथी बाजू दारापाशी न्यायची, खालून वर. दार तापलेलं असेल किंवा फटीतून धूर दाबाने बाहेर येत असेल, तर पाण्याने भरलेला होज हातात आल्याशिवाय ते दार उघडायचं नाही. आत आग हवेवाचून घुसमटलेली असते. तुम्ही दार सताड उघडलंत की तिला हवा मिळते आणि ती तुमच्याच अंगावर येते. म्हणून तोडलेलं दारही एकाने हाताने किंवा दोरीने धरून ठेवायचं, पाहिजे तेवढंच उघडायचं. बघ्यांना वाटतं, 'हे उभे काय राहिलेत!' त्या उभं राहण्याला कारण असतं.

आता दार. आपल्याकडे आतून वरची कडी, खालची कडी, मधे नाइट लॅच, आणि रात्री घरातल्या आजोबांचा विश्वास बसला नाही तर साखळीपण. म्हणून आधी दार वाचायचं. वरच्या कोपऱ्यात हाताने रेटा, मधे खांद्याने, खाली पायाने. जिथे दार लवतं तिथे कडी नाही, जिथे हलत नाही तिथे आहे. आता हत्यार कुठे लावायचं ते कळलं. नवीन मुलगा सरळ कुलपाच्या जागी घण घालतो. मधलं कुलूप तुटतं, दार वरच्या कडीला लटकून राहतं, वाकतं, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त अडकतं.

तुमचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं आणि लाकडी दार आत. म्हणजे दोन दारं, दोन उलट पद्धती. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात, तिथे पिन ठोकून काढता येते किंवा बिजागरीच कापता येते. कुलपाकडे बघायचंसुद्धा नाही. आत उघडणाऱ्या दाराची बिजागरी आत लपलेली, तिथे पहार किंवा हॅलिगन लावून दार चौकटीपासून रेटावं लागतं. यासाठी हल्ली हायड्रॉलिक डोअर ओपनर मिळतो. छोटासा जबडा फटीत बसवायचा आणि हातपंप मारायचा. दार जवळजवळ आवाज न करता चौकटीतून सुटतं. अरुंद जिन्यात घण मागे घ्यायला जागा नसते, तिथे याचा उपयोग होतो.

ग्रिलबद्दल जेवून आल्यावर लिहितो.

वाडीवाली

काका, जेवून या, पण मग पोळीबद्दल पण सांगा. (पोळ म्हणजे जुन्या शहरातली अरुंद गल्लीतली दाट वस्ती, खायची पोळी नव्हे.) आमचं वाडीतलं घर जुनं, सगळं सागवान. दोन्ही बाजूंच्या घरांशी भिंत सामाईक. गल्लीत रिक्षा शिरत नाही, बंब कुठून येणार? आणि सासूबाई रात्री दाराला आडवी लाकडी आगळ घालतात, ती भिंतीतल्या खाचेत जाते. ते दार घणाने तुटेल असं मला वाटत नाही.

शंकेखोर

वाचलं सगळं. एक साधा प्रश्न. प्रत्येक गल्लीत सुतार नाहीतर फॅब्रिकेटर असतो. त्याचा ग्राइंडर आणून ग्रिल कापायला काय अडचण? बंब येईपर्यंत शेजारीच काम करून टाकतील.

घणघाव

@शंकेखोर, ग्राइंडरला वीज लागते, आणि आग लागलेल्या इमारतीची वीज सगळ्यात आधी बंद करतात. तोडलेल्या दारात, ओल्या जमिनीवर, जळक्या वायरींमध्ये प्रवाह चालू ठेवून कोणीही काम करत नाही. दलाच्या करवती पेट्रोलवर किंवा बॅटरीवर चालतात त्या म्हणूनच. दुसरं म्हणजे ठिणग्या. सिलिंडर गळत असेल तर एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, बाथरूमच्या मोरीत उतरतो. तिथे चकतीची करवत चालवणं म्हणजे काडी ओढणं. आमच्या कारखान्यात अशा जागी पितळी किंवा बेरिलियम-तांब्याची हत्यारं वापरत, लोखंडी पानाही आत न्यायची बंदी होती. शेजाऱ्यांनी करण्याजोगं एकच काम म्हणजे १०१ किंवा ११२ ला फोन करून नीट सांगायचं: कितवा मजला, आत कोण आहे, कुठल्या खिडकीत दिसतंय, खालचं गेट कुठल्या बाजूने उघडतं. आणि गेटसमोरच्या गाड्या हलवायच्या.

@वाडीवाली ताई, आगळ घातलेल्या दाराशी चौकटीवर झटापट करायची नाही हे तुमचं बरोबर आहे. त्याचा जोर दोन्ही भिंतींवर असतो. तिथे दाराची फळी कापतात. जुन्या दारांत जाड चौकटीच्या मधे पातळ दिलेदार फळ्या बसवलेल्या असतात. एक दिला कुऱ्हाडीने फोडला की हात आत घालून आगळ सरकवता येते. पोळीत शिरायचा खरा रस्ता मात्र बहुधा वरून असतो, शेजारच्या गच्चीवरून. आणि आकड्याच्या काठीचा उपयोग सगळ्यात जास्त तिथेच. पत्रे ओढायचे, जळकी कौलं खाली घ्यायची, माळ्याची लाकडी तक्तपोशी उघडून आग वरच्या पोकळीतून शेजारी सरकतेय का ते बघायचं. सामाईक भिंतीच्या घरांत आग डोळ्यांसमोर विझते आणि तुळईच्या टोकातून पलीकडे निघते. फ्लॅटमधल्या फॉल्स सीलिंगलाही तोच आकडा. तो चालवणारा कधीही छताच्या मधोमध उभा राहत नाही. दाराकडे पाठ, आधी दारापाशी एक भोक पाडायचं, वर काय आहे ते बघायचं, मग पुढे.

१०८वाला मित्र

जरा अवांतर, पण त्या 'लोखंडी जबड्या'बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मी अँब्युलन्सवर काम करतो. अहमदाबाद-बडोदा एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या मागे घुसलेल्या गाड्यांपाशी तो बघायला मिळतो. अमेरिकेत जॉर्ज हर्स्ट नावाच्या माणसाने मोटारींच्या शर्यतीत अडकलेल्या ड्रायव्हरला बाहेर काढायला लागलेला वेळ बघितला आणि त्यातून हे यंत्र निघालं, अशी त्याची गोष्ट सांगतात. आता तेलाचा दाब साधारण ७०० बार असतो. यात मुख्य तीन हत्यारं येतात. स्प्रेडर फाकवतो, कटर कापतो, आणि रॅम आतून लांब होत डॅशबोर्ड पुढे ढकलतो.

बघणाऱ्यांना वाटतं आले, कापलं, काढलं. खरं काम आधीचं असतं. गाडी हलू नये म्हणून चाकांखाली आणि दारांखाली लाकडी ठोकळे. बॅटरी सोडवायची, कारण न फुटलेली एअरबॅग कापताना फुटली तर जवानाचा आणि जखमीचा दोघांचा जीव धोक्यात. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी केबल दिसली की तिथे कटर नाही. काचाही दोन प्रकारच्या. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात टोकदार पंच दाबला की तिचा चुरा होतो. पुढची काच थरांची असते, ती फुटत नाही, नुसती तडकून ओल्या पापडासारखी लोंबते. तिला करवतीनेच कापावं लागतं. जखमीवर आधी ब्लँकेट घालायचं, हे आमचं काम.

न्यूजर्सीचा बडोदेकर

+१. ट्रकखाली किंवा भिंतीखाली माणूस असेल तर हवेच्या पिशव्या. बंद असताना जेमतेम इंचभर जाडीची रबरी गादी, फटीत सरकवायची आणि सिलिंडरने फुगवायची. कित्येक टन उचलते. पण नियम कडक आहे. इंचभर उचललं की इंचभर लाकूड खाली सरकवायचं. पिशवी सटकली तरी वजन लाकडावर बसलं पाहिजे, माणसावर नाही.

समा रोड

धागा आगीचा आहे, पण ग्रिलचा त्रास आम्ही पाण्यात बघितला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या भागात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांची हीच कोंडी झाली. दार पाण्याच्या दाबाने उघडेना, लाकूड फुगलेलं, आणि खिडक्यांना गज. शेवटी आमच्या बाजूच्या काकांना पहिल्या मजल्यावरच्यांनी आतल्या जिन्याने वर घेतलं. ज्यांच्याकडे आतला जिना नाही त्यांनी काय करायचं?

आणि मगरींचं तर नावच काढू नका.

घणघाव

तुम्ही दाराच्या दाबाचं लिहिलंत, त्याचा हिशेब बघा. दार मीटरभर रुंद आहे आणि बाहेर मीटरभर पाणी आहे, आत कोरडं आहे, तर पाणी दाराला जवळपास ५०० किलोच्या वजनाइतकं दाबतं. आता ते दार उघडायला खांदा पुरत नाही. आत पाणी शिरून दोन्हीकडची पातळी जवळ आली की मगच हलतं. तोवर सुटका खिडकीतूनच. आणि खिडकीला गज.

आता ग्रिलचं लिहितोच. बाजारातल्या ग्रिलचा एक चौकोनी गज पेट्रोलच्या करवतीने किंवा हायड्रॉलिक कटरने काही सेकंदांत सुटतो. मग अडचण काय? माणूस बाहेर यायचा तर चार-पाच गज, प्रत्येक दोन ठिकाणी. आणि हे सगळं कुठे? तिसऱ्या मजल्यावर, शिडीवर उभं राहून, पंधरा-वीस किलोचं यंत्र हातात, पाठीवर श्वसनयंत्राचं सिलिंडर, आणि गजांच्या आत दोन हात तुम्हाला ओढतायत. जमिनीवर जे काम किरकोळ आहे ते शिडीवर तसं राहत नाही. म्हणून बरेचदा कापण्यापेक्षा ग्रिल भिंतीतून उपटणं बरं पडतं, पण ती कशी बसवली आहे त्यावर ते ठरतं. ते इथे कोणी फॅब्रिकेशनवाला असेल तर त्याने सांगावं.

जिन्यातल्या कोलॅप्सिबल गेटबद्दल: स्प्रेडर त्यावर फारसा चालत नाही. स्प्रेडरला दोन ताठ कडा लागतात, हे गेट स्वतःच लवतं. तिथे बोल्ट कटरने कुलूप कापायचं. कुलपाची कडी कडक पोलादाची असेल तर बोल्ट कटरचंच तोंड जातं, मग करवत. दुकानाच्या रोलिंग शटरलाही बाजूच्या पट्ट्या कापून आतली एक पट्टी सरकवून काढली की शटर सुटतं. आणि वर गेलेल्या शटरखाली टेकू लावल्याशिवाय आत पाऊल नाही. स्प्रिंग तापलेली असते.

वेल्डिंगवाला (मकरपुरा)

हजर. २० वर्षांपूर्वी ग्रिल खिडकीच्या चौकटीत बसवत, आता बाहेरून पेटीसारखी काढतात, कुंड्या ठेवायला. भिंतीत राउल बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारे), आणि त्यांची डोकी आम्ही वेल्ड करून टाकतो, चोराला पाना लागू नये म्हणून. म्हणजे काकांचं उपटणंही गेलं. गिऱ्हाईकच सांगतं, 'असं करा की हत्तीने ओढली तरी निघू नये.' आम्ही करतो.

पण उपाय जुनाच आहे. ग्रिलमध्येच एक उघडणारी खिडकी ठेवायची. दोन फूट रुंद, अडीच-तीन फूट उंच, म्हणजे माणूस पाठीवर सामान घेऊनही जाऊ शकेल. बिजागऱ्या आतल्या बाजूने, कडी आतून. सांगितलं तर खर्च फार वाढत नाही, पण नव्वद टक्के लोक सांगतच नाहीत.

शंकेखोर

थांबा. चोरी आमच्याकडे झाली आहे, आग नाही. रोजची भीती कुठली आणि कधीतरीची कुठली, याचा काही विचार? आतून कडी असलेली खिडकी म्हणजे बाहेरून गजांत हात घालून चोराने ती उघडायची. मग ग्रिल कशाला?

वेल्डिंगवाला (मकरपुरा)

रास्त. म्हणून कडीच्या भोवती जाड पत्र्याची पेटी वेल्ड करतो, हात फक्त आतूनच पोचतो. कडी उघडणाऱ्या कडेला न ठेवता मधे घेतली तरी बाहेरचा हात पुरत नाही. कुलूप लावायचं नाही. लावलंच तर किल्ली कुठे आहे हे धुरात कोणाला आठवतं?

दांडियाबाजारकर

शंकेखोरजी, सुरतची तक्षशिला इमारत आठवते? २४ मे २०१९. २२ विद्यार्थी गेले. जिना जळला, वरच्या मजल्यावरून मुलांनी उड्या मारल्या, ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आमच्या जिन्यात गेट लावणारी समिती तीच दृश्यं बघून हळहळली होती. म्हणून विचारतो, गेट आणि गच्चीचं कुलूप यांना नियमात कुठे आधार आहे का?

घणघाव

नियम उलटाच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीतही, बाहेर पडायच्या वाटेवरचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे, असं आहे. आतून कडी लावा, हवी तर उंचावर लावा म्हणजे लहान मुलं गच्चीत जाणार नाहीत, पण कुलूप नको. गच्चीची किल्ली काचेच्या पेटीत ठेवणारे पाहिलेत, आणि पेटीतली किल्ली भलत्याच कुलपाची निघालेलीही पाहिली आहे.

जिन्यातल्या गेटांबद्दल समितीला एवढंच विचारा की पहिल्या मजल्याचं गेट रात्री कोण उघडणार, आणि धूर आला की तो माणूस खाली उतरून कुलपापर्यंत पोचणार कसा. धूर जिन्यानेच वर चढतो.

वाडीवाली

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. आगळ काढणार नाही म्हणाल्या. पण मागच्या खिडकीचे दोन गज काढून तिथे उघडणारी जाळी करायला तयार आहेत, 'ती शेजारच्या गच्चीवर उघडते, मला जमेल' म्हणाल्या. त्यांचं वय ७८ आहे, आणि जमेल हे खरं आहे.

दांडियाबाजारकर

रविवारी समितीची बैठक आहे. वेल्डिंगवाले, माप घ्यायला याल का? आधीच्या बंद ग्रिल्समध्ये नंतर खिडकी करता येते ना?

वेल्डिंगवाला (मकरपुरा)

येते. जागेवरच कापून चौकट लावतो. दोन अटी: त्या खिडकीसमोर कुंड्या, एसीचं बाहेरचं युनिट, डिश अँटेना काही नको. आणि पावसाळ्यापूर्वी बिजागरीत तेल घालून प्रत्येकाने एकदा उघडून बघायची. गंजलेली खिडकी आणि बंद ग्रिल यात फरक नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शंकेखोर

मीही व्यनि केलाय. तिसरा मजला, दोन खिडक्या. कुंड्यांचं आमच्या घरी तुम्हीच सांगा, माझं कोणी ऐकत नाही. आणि चोर आला तर पुढचा धागा मी काढणार आहे.